मीटरच्या पेटीमागचा खिळा

मी, खाली सही करणारी, कुलूपवाल्यांची बायको, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण चौथी (पाचवीत तीन महिने बसले होते, ते धरायचे तर धरा), धंदा आधी कपड्यांना इस्त्री आणि आता घर, हे माझे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून भुलवलेलेही नाही. मी आजारी नाही. उलट गेल्या एकोणीस दिवसांत मला अशी भूक लागते आहे की काल आमच्या यांनी विचारलं, "तुझ्या पोटात आणखी कोणी जेवतंय का?" तेव्हा हे मरणाच्या भीतीनं लिहिलेलं नाही. आनंदात लिहिलेलं आहे, याची नोंद घ्यावी.

दस्तलेखकांनी मला नमुन्याचा कागद दिला आहे. त्यात "स्थावर व जंगम मिळकत" असं आहे. स्थावर म्हणजे हलत नाही ते आणि जंगम म्हणजे हलतं ते, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, मग आमच्या यांना कशात लिहू? बारा वर्षं दुकान आणि घर सोडून कुठं हलले नाहीत, आणि मागच्या महिन्यात एकदम शहर गाठलं. दस्तलेखक हसले नाहीत. हसायचे पैसे ते वेगळे घेत असावेत.

कलम पहिले. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते, ते या लेखाने रद्द समजावे. त्यात घर यांच्या भाच्याला लिहिले होते. तो कागद भाच्यानं स्वतः आणून माझ्यासमोर फाडला. म्हणाला, "मामी, मला तुमचं घर नको. त्या घराचं नाव काढलं की मला मामांचा आवाज ऐकू येतो." गुणी पोरगा. याला यांनी दुकानात बसवून धंदा शिकवायला घेतला होता. दोन महिन्यांत त्यानं चार कानशी मोडल्या, आणि स्वतःला दुकानात कोंडून घेऊन किल्ली बाहेर ठेवली. आता तो सायकली भाड्यानं देतो आणि सुखी आहे. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडायचं काम मी त्याच्यावर सोपवते. कानस हातात धरायची नसली की तो कामाचा माणूस आहे.

कलम दुसरे. घर. रस्त्याकडे उघडणारे दार, दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर माळा, मागे नळ. हे घर मला माझ्या मावशीनं दिलं, तिचं मी सात वर्षं केलं म्हणून. तेव्हा घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. यांचं त्यात फक्त दारावरचं कुलूप. (हे त्यांना चाळीस वर्षं ऐकवते आहे. आता कागदावर आलं.)

हे घर माझ्यामागे माझ्या मुलीला, एकुलत्या एकीला, पूर्ण मालकीने मिळावे. हे जिवंत असेतो त्यांना घरात राहण्याचा हक्क आहे. नळ गळतो म्हणून रोज कुरकुर करण्याचा नाही.

दस्तलेखकांनी माझं पेन थांबवलं. "बाई, मुलगी बारा वर्षं या घरात आलेली नाही. अट घाला. एक वर्षाच्या आत येऊन राहिली तर मिळेल, नाहीतर भाच्याला."

मी म्हटलं, "अट नको."

"का नको? सगळे घालतात."

"आमच्याकडे एकदा घालून झाली आहे," मी म्हटलं.

ती कशी, ते लिहून ठेवते. उद्या कोणी कागद वाचून म्हणायला नको, की जिनं तोंड दाखवलं नाही तिला म्हातारीनं घर दिलं, भ्रमिष्ट झाली असेल.

आमच्या घराची एक रीत आहे. हे दर वर्षी एक सप्टेंबरला घराच्या दाराचं कुलूप बदलतात. चोराच्या भीतीनं नव्हे. नवं बनवलेलं कुलूप आधी वर्षभर आपल्या दाराला लावायचं, उन्हापावसात कसं चालतं ते पाहायचं, मगच तसली दुकानात विकायची. गिऱ्हाइकाच्या दारावर परीक्षा नको, असं यांचं म्हणणं. वर्ष झालं की उतरवलेलं कुलूप अर्ध्या किमतीत कोणाला तरी जातं. आणि प्रत्येकाला नवी किल्ली. किल्लीच्या डोक्यावर ठिपके ठोकलेले असतात, अंधारात अंगठ्याला कळावेत म्हणून. यांच्या किल्लीला एक, माझ्या किल्लीला दोन, मुलीच्या किल्लीला तीन. त्या दिवशी जो घरी नसेल त्याची किल्ली बाहेर, मीटरच्या पेटीमागच्या खिळ्यावर. बाहेरगावाहून आलं की आधी पेटीमागे हात घालायचा, हे आमच्या मुलीला चालायला लागल्यापासून ठाऊक.

ती वीस वर्षांची असताना म्हणाली, मला दुकानात बसायचं आहे. लहानपणापासून यांचा डबा घेऊन जायची आणि तासभर स्टुलावर बसून हातांकडे बघत राहायची. बोटं तिची यांच्यासारखीच, लांब आणि हट्टी. हे म्हणाले, "लोक घराच्या किल्ल्या पोरीच्या हातात देत नाहीत." ती म्हणाली, "तुम्ही देऊन बघा, मग लोक देतील." मग भाच्याला आणून बसवलं. मग तिनं पिशवी भरली. मग हे ओरडले, "आज या दारातून गेलीस तर हे दार तुला बंद!" रस्त्याच्या पलीकडे ऐकू गेलं. ती गेली. जून महिना होता.

ही आमच्या घरातली अट. जेवायला बसेपर्यंत यांचा राग गेला होता, आणि "भाजीत मीठ जास्त झालंय" म्हणाले, म्हणजे रडत होते.

सप्टेंबरात कुलूप बदललं. मला वाटलं, तिची किल्ली खिळ्यावर लावली असेल. रीतच तशी. मी कधी पेटीमागे हात घालून पाहिलं नाही. एवढी एक गोष्ट माझ्या नावावर लिहा. कलमाचा नंबर काय द्यायचा ते दस्तलेखकांनी ठरवावं.

कलम तिसरे. सोन्याच्या दोन बांगड्या मुलीला. डाव्या बांगडीला पोचा आहे, तो नातीनं सरळ करावा.

नात! लिहिताना थांबून हसले. एकोणीस दिवसांपूर्वीपर्यंत मला नात नव्हती. आता एकदम आठ वर्षांची आहे, वरचे दोन दात पडलेले. लोकांना नात रांगताना मिळते. मला थेट गुणाकार येणारी मिळाली.

कलम चौथे. हे कलम मिळकतीचं नाही, पण ते वाचल्याशिवाय पुढची कळणार नाहीत.

ऑक्टोबरात दुकानात एक फिरता विक्रेता आला, चष्म्याच्या फ्रेमा विकणारा. त्याच्या बॅगेचं कुलूप अडकत होतं. यांनी उघडलं आणि तसंच हातात धरून बसले. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी इतर कारागीर नवी घालतात. हे तुटलेलं टोक दोनदा दुमडतात आणि उलटं बसवतात. तीच स्प्रिंग आणखी दहा वर्षं जाते. ही युक्ती यांना कोणी शिकवलेली नाही, यांनी कोणाला शिकवलेली नाही. आणि त्या बॅगेच्या कुलपात स्प्रिंग दोनदा दुमडलेली होती.

विक्रेत्याला विचारलं, "कोणी केलंय हे?"

"शहरात. भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत, शिलाई मशीनच्या दुकानाला लागून. बाई बसते. हात फार चांगला, पण जिभेला धार आहे."

हे भर दुपारी दुकान बंद करून घरी आले. मी भांडी घासत होते. ते कुलूप टेबलावर ठेवून म्हणाले, "बघ."

"काय बघू?"

"दोनदा दुमडलीय."

"मग?"

"मी नाही दुमडली."

मी ओल्या हातांनी तशीच खाली बसले. विक्रेता बिचारा बाहेर पायरीवर बसून होता. त्याला बॅगेचं कुलूप संध्याकाळी मिळालं, आणि फुकट.

सकाळच्या बसनं निघायचं ठरलं. मी म्हटलं, मीही येते. हे म्हणाले, "नको. मी ओरडलो होतो, तू नाही." एक सदरा मी तीन वेळा इस्त्री केला. डबा भरला. आणि यांनी कापडी पिशवी उचलली तर ती खुळखुळली.

"काय वाजतंय?"

"काही नाही."

"काही नाही असं वाजत नाही."

मी पिशवी ओढून घेतली. आत एका कडीत तेरा किल्ल्या. प्रत्येकीवर तीन ठिपके. ती गेली त्या सप्टेंबरापासून या सप्टेंबरापर्यंत, दर वर्षी तिची किल्ली कापली होती या माणसानं. एकही वर्ष चुकवलं नव्हतं. मला आधी भरून आलं, आणि मग डोक्यात उजेड पडला.

"या इथं आहेत, तर खिळ्यावर काय होतं?"

हे चपला शोधायला लागले.

"अहो, खिळ्यावर काय होतं?"

"काही नाही. मला वाटलं, तिनं दुकानात यावं, मागावी, मी हातात द्यावी."

बसच्या वेळेपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही. बस हलली तेव्हा खिडकीशी जाऊन मी ओरडले, "चष्मा घेतलात का?" तेवढंच.

शहरात काय झालं ते यांच्याकडून काढायला मला तीन दिवस लागले. कुलपात मोडलेल्या किल्लीचा तुकडा काढतात तसं, थोडं हलवायचं, थोडं थांबायचं. सगळे तुकडे जोडून लिहिते.

गल्ली सापडली. दुकान हातभर रुंद. पुढे आणखी दोन गिऱ्हाइकं होती, हे रांगेत उभे राहिले. आत ती मान खाली घालून कानस चालवत होती. "तिला चष्मा लागलाय गं," हे मला दोनदा म्हणाले. यांचा नंबर आला. तिनं वर न बघताच विचारलं, जसं हे सगळ्यांना विचारतात तसंच, "किल्ली हरवली की मोडली?"

सहा तास बसमध्ये या माणसानं भाषण पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आलं नाही. म्हणाले, "आहे. द्यायची राहिली होती."

मग तिनं वर बघितलं.

हातातली कानस खाली ठेवली. मग ती म्हणाली, "मी आले होते."

आली होती! त्याच वर्षी, ऑक्टोबरात, दुपारी. मी लाँड्रीत, हे दुकानात. कुलूप बदललं असणार हे तिला माहीत होतं. पेटीमागे हात घातला. खिळा रिकामा. तिला वाटलं, दार खरंच बंद केलंय. सगळ्यांच्या किल्ल्या कापल्या, आपली तेवढी नाही. पायरीवर अर्धा तास बसली आणि परतीच्या बसनं गेली.

यांनी पिशवीतली कडी काढून तिच्यापुढे ठेवली. ती काही रडली नाही. कोणाची मुलगी आहे! एकेक किल्ली उचलून उजेडाला नेली, नाकाशी धरली. काल एका बैठकीत तेरा कापून आणल्यात की काय, ते तपासत होती. बापाची परीक्षा! कानशीचे ओरखडे बघून म्हणाली, "इथपर्यंत जुनी कानस. सहाव्या वर्षी बदललीत."

"हो."

"नवव्या किल्लीचे ठिपके वाकडे का?"

"अंगठ्याला टाके पडले होते."

"कशानं?"

"पत्रा कापताना. दुसऱ्या बाजूनं धरायला कोणी नव्हतं."

यावर तिनं चष्मा पुसला म्हणे. हे म्हणतात, धुळीनं. असेल.

तेवढ्यात शाळेतून माझी नात आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, हे कोण?"

मुलगी म्हणाली, "माझे बाबा. स्प्रिंग दुमडतात ते."

"दोनदा?"

"दोनदा."

हे मी यांच्याकडून पाच वेळा वदवून घेतलं आहे आणि आज संध्याकाळी सहाव्यांदा विचारणार आहे. म्हणजे बघा. बारा वर्षं त्या पोरीनं आमचं तोंड पाहिलं नाही, पण लेकराला सांगितलं काय, तर आजोबा स्प्रिंग कशी दुमडतात ते. ओरडतात कसे, ते नाही. माझी भूक वाढली ती त्या दिवसापासून.

मग चहा झाला. निघताना यांनी तेरावी किल्ली, म्हणजे चालू कुलपाची, पुढे केली. तिनं घेतली नाही. गल्ल्याच्या खणातून स्वतःची काढून दाखवली, घर सोडताना जवळ होती ती, जुन्या कुलपाची. म्हणाली, "माझ्याकडे आहे. दुसरी नको." बाकीच्या बारा मात्र नातीनं ठेवून घेतल्या.

यांनी विचारलं, "घरी येशील?"

"बघते."

आता या "बघते"चं काय करायचं? मी तिची आई आहे. शाळेत असताना "आंघोळ कर" म्हटल्यावर "बघते" म्हणायची, तेव्हा ते नाही असायचं. "आत्याकडे जाऊया" म्हटल्यावर "बघते" म्हणायची, तेव्हा चपला आधीच पायात असायच्या. हे बघते त्यातलं कुठलं, एवढं एक मला मरण्याआधी कळायला हवं आहे. बाकी सगळं मिळालं.

कलम पाचवे. बेकरीवाल्याला मी काहीही ठेवत नाही. रागानं नव्हे. एक तर ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं दस्तलेखक म्हणाले, आणि तो साक्षीदार आहे. दुसरं, त्याला जे मिळायचं ते मिळालं.

हे शहरातून आले ते घरी न येता थेट बेकरीत गेले. म्हणाले, "बारा वर्षांपूर्वी अर्ध्या किमतीत दिलेलं कुलूप परत दे."

"पिठाच्या खोलीला आहे ते. का?"

"पाहिजे."

"आणि माझ्या पिठाला काय लावू? तुझी जीभ? तीही अडकतेच म्हणा."

शेवटी नवंकोरं कुलूप देऊन ते जुनं आणलं. त्यात पीठ घट्ट बसलेलं. दोन दिवस सुईनं उकरत होते. मग चालू कुलूप उतरवून ते दाराला बसवलं. सप्टेंबर नसताना. कुलूपवाल्याच्या दाराला गावातलं सगळ्यात रद्दी कुलूप! किल्ली घालून जरा वर उचलली नाही तर फिरतच नाही. येणारी-जाणारी माणसं हसतात. हे कोणाला काही सांगत नाहीत. पण मी समजले. तिच्या हातात आहे ती किल्ली चालली पाहिजे, एवढंच. तिनं कोणाकडे काही मागायला नको.

या माणसाशी मी शेहेचाळीस वर्षं भांडते आहे, आणि आणखी तेवढीच भांडायला मिळावीत असं मला त्या दिवशी वाटलं.

कलम सहावे. शेजारच्या शिलाईवालीला माझी काळी छत्री, जी नऊ वर्षांपूर्वी तिनं नेली आणि जी अजून तिच्याचकडे आहे, ती कायमची द्यावी.

याला एक कारण आहे. हे शहरातून आले, त्या अर्ध्या तासाची गोष्ट मला सांगितली, तशी मी शेजारी जाऊन विचारलं, "तुझं मशीन खिडकीशी असतं. आमची पोर पायरीवर बसलेली तुला दिसली नाही?"

तिच्या हातातली कात्री खाली आली. "दिसली. पाणी दिलं मी तिला."

"बारा वर्षं बोलली नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, काकू, आईला कळलं तर ती वेडी होईल. मी काय करू? रोज तुला बघायची आणि रोज दोरा चुकायचा."

आता शपथ पाळणाऱ्या बाईवर रागवायचं की तिच्या पाया पडायचं? दोन्ही अर्धं अर्धं केलं. चार दिवस बोलले नाही, पाचव्या दिवशी चहा घेऊन गेले.

तिला हे कलम वाचून दाखवलं तर म्हणाली, मला साक्षीदार व्हायचं आहे. मी म्हटलं, मग छत्री मिळणार नाही, दस्तलेखकांचा नियम आहे. तिनं घरात जाऊन छत्री आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. एक काडी मोडलेली आहे. सबब कलम सहावे रद्द. छत्री मुलीला.

कलम सातवे. दुकान व हत्यारे ही माझी नाहीत, यांची आहेत. पण हे माझ्या शेजारी बसून सांगत आहेत आणि मी लिहिते, व खाली त्यांची सही आहे. किल्ली घट्ट धरायचा शेगडा, ठोकणी, सगळ्या कानशी, ठिपके ठोकायचा खिळा आणि स्टूल, हे सर्व मुलीला. "स्टूल का?" मी विचारलं. "तिचंच आहे," म्हणाले. आणि पुढे असं लिहायला सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत: लोक किल्ल्या देतात. माझी चूक झाली.

हे त्यांनी हळू सांगितलं. मी मोठ्या अक्षरात लिहिलं.

कलम आठवे. बँकेत माझी ठेव आहे, ती नातीला. दस्तलेखक म्हणाले, "शिक्षणासाठी" असं लिहा. मी लिहिणार नाही. तिला शिकायला वाटलं तर शिकेल, मोठी कानस घ्यायला वाटली तर कानस घेईल.

कलम नववे. माझी विजेची इस्त्री जावयांना. जावई शाळेची बस चालवतात. हे म्हणाले, फार बोलत नाहीत. आमच्या घरात तसा एक पाहिजेच होता. त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरला चुणी होती असंही हे म्हणाले. एवढं बरं बघून आले.

कलम दहावे. नातीनं माझ्यासाठी यांच्याबरोबर एक किल्ली पाठवली आहे, तिनं स्वतः कापलेली. दाते वेडेवाकडे आहेत. त्या किल्लीनं जगातलं एकही कुलूप उघडणार नाही. ती मी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आहे. मी गेल्यावर ती काढू नये. माझ्याबरोबर जाऊ द्यावी. पुढे कुठे दार लागलं तर मी ती लावून बघेन.

माझ्यामागे रडायचं असेल त्यांनी आधी जेवून घ्यावं. उपाशी माणसाचं रडणं लांबतं.

कलम अकरावे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. घर ज्याच्या कोणाच्या ताब्यात असेल त्याने मीटरच्या पेटीमागचा खिळा काढू नये. घरातलं जे कोणी बाहेर असेल, रागावून गेलं असेल तरी, आणि रागावून गेलं असेल तर आधी, त्याची किल्ली त्या खिळ्यावर असावी. खिशात नाही, दुकानात नाही, हातात द्यायची म्हणून राखून नाही. खिळ्यावर. आणि बाईनं आठवड्यातून एकदा हात घालून बघावं.

मी रोज बघते आहे. त्या जुन्या कुलपाची एक नवी किल्ली यांनी कापून तिथं लावली आहे. तिच्यावर चार ठिपके आहेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला कबूल आहे म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करते.

सहीबद्दल खुलासा. माझ्या सहीचं शेवटचं अक्षर कागदाच्या कडेपर्यंत गेलं आहे आणि पुढे शाईचा डाग आहे. उद्या कोणी म्हणेल की म्हातारीचा हात धरून सही घेतली. म्हणून काय झालं ते लगेच लिहून ठेवते.

रविवार सकाळ, अकराचा सुमार. स्वयंपाकघराच्या टेबलाशी मी, हे, बेकरीवाला आणि शेजारची शिलाईवाली. मी सही काढत होते. बाहेर मीटरच्या पेटीचं झाकण वाजलं.

हे उठायला लागले. मी डाव्या हातानं त्यांची बाही धरली, पेन उजव्या हातात तसंच. "बसा," म्हटलं. "तिला उघडू दे."

बाहेर सगळं थांबलं. मी अंदाज केला, अंगठा ठिपके मोजतोय. एक, दोन, तीन. आणि मग आणखी एक. मग तिचा आवाज आला, बारा वर्षांनी, दाराच्या फळीतून, "ही घे. ही तुझी आहे."

किल्ली कुलपात गेली. फिरली नाही. पुन्हा घातली. नाही. बेकरीवाला पुटपुटला, "मी सांगत होतो." हे घामेघूम. आणि बाहेरून मुलगी म्हणाली, "थोडी वर उचल. आजोबांचं कुलूप आहे, मान वर केल्याशिवाय ऐकत नाही."

दार उघडलं. पुढे नात, चार ठिपक्यांची किल्ली दोन्ही हातांत धरून. मागे माझी मुलगी, चष्मा लावलेली. तिच्या मागे दोन पिशव्या घेऊन जावई, कॉलरला चुणी आहे.

मुलगी पहिलं काय बोलली? "बाबा, तेल घातलं नाहीत वाटतं."

हे म्हणाले, "घातलंय. तूच उचलायचं विसरलीस."

"मी नाही, ती विसरली. मला आठवत होतं."

मग ती माझ्याकडे वळली आणि "आई" म्हणाली, आणि तिथे सहीचं शेवटचं अक्षर गेलं. डाग शाईचा आहे, पाण्याचाही थोडा आहे. जबरदस्ती कोणाची नाही.

सही: (वर आहे तीच. पुन्हा काढणार नाही.)

कलम सात पुरती सही: कुलूपवाला.

साक्षीदार पहिला, बेकरीवाला: बाईंनी माझ्यासमोर सही केली. लिहिलेले सर्व खरे आहे. हे कुलूप माझ्याकडे होते तेव्हाही असेच करायचे.

साक्षीदार दुसरी, शिलाईवाली: मी सर्व पाहिले. या वेळी कोणी शपथ घातलेली नाही.

ठिकाण: आमचे घर, स्वयंपाकघराचे टेबल.
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार.

ता. क. हे आत्ता जावयांसाठी पाच ठिपक्यांची कापायला बसले आहेत आणि मुलगी दुसऱ्या बाजूनं पत्रा धरून त्यांच्या चुका काढते आहे. मी जाऊन पेटीमागे हात घालून आले. खिळा रिकामा आहे. आज बाहेर कोणी नाही.